चेंबरच्या बोल्टावरून

जुन्या अ‍ॅम्बॅसिडरखाली तेलाचा डाग दिसला की बघणाऱ्याचं पहिलं बोट चेंबरच्या बोल्टाकडे जातं. चेंबर म्हणजे इंजिनाच्या तळाची पत्र्याची तेलाची टाकी आणि बोल्ट म्हणजे तेल बदलताना काढतात तो तळाचा प्लग. माझ्या १९६८च्या मार्क टू अ‍ॅम्बॅसिडरखालच्या डागावरून दोन माणसांत जो वाद झाला, तो इथे मांडतो आहे. एक मामा. कोल्हापूरच्या उद्यमनगरात उभी हयात लेथवर काढलेले टर्नर. दुसरी त्यांची भाची. पुण्यात एका वाहन कारखान्यात इंजिन विभागात काम करणारी इंजिनिअर, सुट्टीला आजोळी आलेली. गाडी माझी म्हणून तिसरा मी, दोघांच्या बोलण्यातला ‘सर’, पण माझं काम मुख्यतः बॅटरी धरण्याचं. चहा, फोन आणि मामांच्या काही निवडक शिव्या गाळल्या आहेत.

मामा : बोल्टच गळतोय. बोट लावून बघ. ओला हाय का न्हाई? मग झालं. पाना आण.

भाची : ओला आहे, मान्य. पण मामा, तो सगळ्यात खाली आहे. वरून कुठूनही तेल सुटलं तरी शेवटी तिथेच येऊन लोंबणार. टॅपेट कव्हरचं पॅकिंग असेल, मॅनिफोल्डच्या खालची ती दोन झाकणं असतील, पेट्रोल पंपाचा जोड असेल, पुढचं टायमिंग कव्हर असेल. त्यात पंख्याचा वारा तेल मागे ढकलतो. गळती पुढची आणि डाग मागे, असं होतं.

मामा : आणि सगळ्यात मागची इसरलीस. ह्या इंजिनाला क्रँकच्या मागं रबरी सील न्हाईच.

भाची : सीलच नाही?

मामा : न्हाई. क्रँकच्या मागच्या टोकाला उलटे आटे पाडल्यात. इंजिन फिरतंय तोवर ते तेल आत ढकलत्यात. बंद केलं की खेळ संपला. त्यात गाडी चढावर नाक वर करून लावली की तेल मागं सरकतं, क्लचच्या घरात उतरतं आणि तळाच्या भोकातनं खाली. कंपनीनं ते भोक उगीच न्हाई ठेवलेलं.

इथे मला मामांची बाजू घ्यावी लागते. अ‍ॅम्बॅसिडरचं हे १४८९ सीसीचं इंजिन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या बी-सिरीज घराण्यातलं. याच मापाचं इंजिन एमजीए या स्पोर्ट्स गाडीतही होतं आणि क्रँकच्या मागे तेल अडवण्याची हीच आट्यांची युक्ती तिथेही होती. एमजीबीला १९६४ साली पाच बेअरिंगचा क्रँक मिळाला, तेव्हा कुठे तिथे रबरी सील आलं. या गाड्यांचे मालक तेलाच्या डागाकडे जरा सोशिक नजरेनं बघतात, त्यामागे हे कारण आहे. सगळी गळती दुरुस्तीच्या हलगर्जीपणातून येत नाही. थोडी आराखड्यातूनच आलेली असते.

पण हे कळल्यावरही प्रश्न तसाच राहिला. थेंब नक्की कुठला? भाचीनं फ्लोरोसंट डायचं नाव काढलं. तो तेलात मिसळायचा आणि जांभळ्या दिव्याखाली इंजिन बघायचं, की तेलाची वाट चमकते. मामा म्हणाले, घरात पावडरचा डबा हाय का? शेवटी इंजिनाचा तळ आणि दोन्ही बाजू रॉकेलनं धुतल्या, फडक्यानं कोरड्या केल्या आणि त्यावर टाल्कम पावडर उडवली. इंजिन तापेपर्यंत चालवलं, बंद केलं आणि वाट पाहिली. पांढऱ्यावर तेलाची रेघ लपत नाही.

पावडर सुकी असतानाच भाचीनं आणखी एक गोष्ट बघून घेतली. तेल भरायचं झाकण काढून चालत्या इंजिनाच्या तोंडावर हात धरला, मग ब्रीदरची नळी तपासली. अशा वादात ही पायरी लोक हमखास विसरतात. पिस्टनच्या रिंगा झिजल्या की जळलेला वायू खाली चेंबरमध्ये उतरतो. ब्रीदर काजळीनं तुंबला असेल तर त्या वायूला वाट मिळत नाही, आतला दाब वाढतो आणि तेल जिथे जागा सापडेल तिथून बाहेर पडतं. तेव्हा पॅकिंगं कितीही बदला, दुसऱ्या दिवशी नवा जोड गळतो. आमच्या नळीत काजळी होती, पण वाट मोकळी होती. ती तारेनं साफ केली.

पावडरनं दोन रेघा दाखवल्या. एक बोल्टाच्या डोक्याभोवती, दुसरी मागच्या भोकाखाली. म्हणजे दोघंही खरे ठरले, आणि दोघांनाही ते फारसं रुचलं नाही.

भाची : आता हिशेब करू. सरांनी खाली ठेवलेल्या पुठ्ठ्यावर दर चार मिनिटांना एक थेंब पडतोय. तासाला पंधरा, दिवसाला तीनशे साठ. ढोबळमानानं वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरा. दिवसाला अठरा मिलिलिटर, महिन्याला अर्धा लिटर. चेंबरमध्ये तेल चार लिटरच्या आसपास. काडीवरच्या दोन खुणांमध्ये साधारण लिटरभराचं अंतर असतं. दर पंधरवड्याला काडी काढून बघितली आणि पाव लिटर ओतलं, की इंजिनाला काहीही धोका नाही.

मामा : मग काय, गळू दे म्हणतीस?

भाची : लगेच हात घालू नका, म्हणते. पंचावन्न वर्षांहून जुना पत्र्याचा चेंबर आहे. त्याच्या तळाला ब्रेझिंगनं बसवलेली बोल्टाची बूच आहे, म्हणजे बोल्ट ज्यात फिरतो ती आतून आटे असलेली जाड कडी. जोर चुकला आणि ती सुटली, तर अर्ध्या लिटरचा प्रश्न चार लिटरचा होईल.

मामा : अगं, फरशीवर डाग हाय. माणसं विचारत्यात, मामा, तुमच्या दोस्ताची गाडी गळती काय हो? उद्यमनगरात असं म्हणवून घ्यायचं व्हय?

मामांचा हा मुद्दा तांत्रिक नाही, पण पोकळही नाही. ज्या शहरात शेतीच्या इंजिनांचे सुटे भाग गल्लीगल्लीत ओतले आणि तासले गेले, तिथे गळणारा बोल्ट हे कामाचं नाव घालवणारं प्रकरण असतं. शिवाय रस्त्यावर सांडलेलं तेल पावसानं गटारात जातं. तो मुद्दा कुणीच काढला नाही म्हणून मी काढला, आणि दोघांनीही तो ऐकल्यासारखा केला.

शेवटी ठरलं की बोल्ट काढून बघायचा. गाडी जॅकवर उचलली आणि चाकांमागे ठोकळे, चासीखाली स्टँड लावले. नुसत्या जॅकवर उभ्या केलेल्या गाडीखाली मामा कुणाला जाऊ देत नाहीत आणि त्यावर ते चर्चाही करत नाहीत. इंजिन कोमट असताना, सहा बाजूंच्या बॉक्स पान्यानं बोल्ट सैल केला. तेल बाहेर आलं आणि त्याबरोबर गळतीची निम्मी गोष्टही. बोल्टावर एकावर एक दोन वायसर होते. आट्यांवर नळ बसवणारे गुंडाळतात त्या पांढऱ्या टेपचे वेढे. त्यावर लाल पेस्ट. डोक्याच्या सहाही कोपऱ्यांवर पाइप पान्याच्या दातांचे व्रण. कुठल्याशा हायवेवरच्या गॅरेजात कुणीतरी घाईत केलेलं काम होतं.

भाची : ही टेप बघा. ही निमुळत्या आट्यांसाठी असते. पाण्याच्या नळाचे आटे पाचरीसारखे घट्ट होत जातात, तिथे ती उपयोगी. हे आटे सरळ आहेत. सरळ आट्यांमध्ये नेहमी थोडी फट राहते आणि तेल त्या फटीतून गोल गोल फिरत खाली येतं. ते अडतं बोल्टाच्या डोक्याखाली, वायसरपाशी. आटे फक्त दाबून धरायचं काम करतात. टेपनं झालं इतकंच की आटे गुळगुळीत झाले आणि लावणाऱ्यानं आणखी अर्धा फेरा जास्त पिळला.

मामा : आणि तिचे तुकडे आत गेले तर पंपाच्या जाळीत अडकत्यात. ते सांग की.

भाची : तेच सांगणार होते. आणि दोन वायसर का घातले असतील?

मामा : एकानं गळलं म्हणून दुसरा घातला. एका वायसरला तेल सुटायच्या दोन जागा, वर आणि खाली. दोन वायसर घातले की तीन जागा. गळती वाढवून घेतली की न्हाई? आणि हे तांब्याचे वायसर दाबून दाबून दगड झाल्यात. तांबं दाबलं की कडक हुतं. गॅसवर लाल कर, पाण्यात टाक, पुन्हा मऊ.

भाची : पाण्यात टाकायची गरज नाही. तांबं पोलादासारखं नसतं. तसंच गार होऊ दिलं तरी मऊच राहतं.

मामा : पाण्यात टाकलं की वरची काळी खपली उडती. म्हणून टाकायचं. मऊपणासाठी कोण म्हणलं?

या एका देवघेवीत दोघांच्या विद्येतला फरक दिसतो. भाचीला कारण आधी माहीत असतं. मामांना कृती आधी माहीत असते, आणि कारण विचारलं तरच निघतं. दोघांचं बरोबर होतं. असं प्रत्येक वेळी होत नाही.

खरी चकमक उडाली ती पुढच्या प्रश्नावर. बोल्ट पिळायचा किती?

भाची : टॉर्क रेंच वापरायचा. हल्लीच्या गाड्यांच्या चौदा मिलिमीटरच्या साध्या ड्रेन बोल्टाला तीस-चाळीस न्यूटन-मीटर पुरतात. हे किती कमी आहे ते बघा. वीस सेंटिमीटरच्या पान्याच्या टोकाला पंधरा किलोचा जोर लावला की तीस न्यूटन-मीटर झाले. त्या गॅरेजवाल्यानं नळी चढवून पाना साठ सेंटिमीटरचा केला असेल, तर त्याच हातानं नव्वद दिले. मग आटे ओढले गेले आणि बूच बाहेर खेचली गेली. बॅटरी इकडे धरा सर. बघा, बुचीचं तोंड सपाट नाहीच. कडेनं वर, मध्ये खाली.

मामा : दिसतंय. पण टॉर्क रेंचला काय कळतंय? त्याला आकडा कळतो. तांबं बसतंय का आटा ताणतोय, ते हाताला कळतं. पाना मनगटानं ओढायचा, खांद्यानं न्हाई. आधी वायसर मऊ लागतो, मग चावतो. चावला की थांबायचं.

भाची : तुमच्या हाताला कळतं. ज्यानं हे केलं त्याच्याही हाताला कळतं, असंच त्याला वाटत असणार.

मामा : म्हणून तर नवीन पोरांना मी आधी भंगारातल्या बोल्टांचे आटे मुद्दाम तोडायला लावायचो. तुटायच्या आधी पाना कसा हलका पडतो ते हातानं एकदा चाखलं की जन्मभर इसरत न्हाई.

भाची : हे मात्र आमच्या कॉलेजात कुणी करायला लावलं नाही.

मामा : आणि तुझा तो आकडा कोरड्या आट्याचा का तेलकट आट्याचा?

भाची : (थोडं थांबून) बरोबर. आटा तेलकट असला की घर्षण कमी, आणि तेवढ्याच टॉर्कला बोल्ट जास्त ताणला जातो. इथे तर आटा तेलकटच असणार. म्हणून आकडा खालच्या बाजूला धरायचा. पण आकडा हवाच. तुम्ही नसताना पुढच्या वेळी तेल कोण बदलणार? सर?

माझ्याकडे दोघांनी ज्या नजरेनं पाहिलं, त्यावरून या मुद्द्याचा निकाल लागला. घरी टॉर्क रेंच आला आहे. या बाबतीत माझं मत भाचीच्या बाजूचं आहे. कसबी माणसाचं मनगट हे उत्तम साधन असलं तरी ते उसनं देता येत नाही.

आता मुख्य मतभेद. वायसर बदलून भागणार नव्हतं, कारण बुचीच्या तोंडाजवळचे पहिले काही आटे झिजून गेले होते. बोल्ट आत जाताना डगडगत होता. यावर काय करायचं, त्याचे रस्ते अनेक आहेत. सगळ्यात सोपा रस्ता म्हणजे बाजारात मिळणारा जाडसर बोल्ट, जो स्वतःच आपले आटे कापत आत जातो. त्यावर दोघंही एकमतानं तुटून पडले. असा बोल्ट बहुतेक वेळा तिरका जातो, तिरका गेला की डोकं एका कडेनंच टेकतं आणि कापलेला कीस चेंबरमध्ये पडतो तो वेगळा. इतकं एकमत पुन्हा झालं नाही.

मामा : सरळ मार्ग सांगतो. भोक मोठं करू, नवे आटे पाडू, त्या मापाचा बोल्ट लेथवर काढून देतो. दोन तासांचं काम. पुढं तीस वर्षं बघायला नको.

भाची : आणि तिसाव्या वर्षी पुन्हा मोठं करायचं? बुचीला किती भिंत उरेल? मामा, काढलेला धातू परत येत नाही. आधी जे उलटवता येतं ते करायचं. जमलं नाही तर पुढची पायरी.

मामा : मग तुझ्या पायऱ्या सांग.

भाची : हेलिकॉइल घालायची असं म्हणणार होते, पण तिच्यासाठीही भोक मोठं करावं लागतंच. शिवाय ती तारेची गुंडाळी असते, तेलाला तिच्या पाठीमागून गोल वाट मिळते. ड्रेन बोल्टासाठी अखंड बुश बरी. त्यातही वायसर बुशच्या कडेच्या बाहेरपर्यंत पोचला पाहिजे, नाहीतर बुश आणि बूच यांच्यामधून गळेल.

मामा : म्हणजे तुलाबी धातू काढायचाच हाय.

भाची : शेवटी. आधी नाही. ही गाडी पन्नास वर्षांची मर्यादा ओलांडून गेली आहे. केंद्राच्या २०२१च्या नियमात व्हिंटेज नोंदणीसाठी गाडी मूळ रूपात असली पाहिजे, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठी उलथापालथ झालेली नसावी, असं आहे. जगभरच्या जुन्या गाड्यांच्या संघटनांचा महासंघ आहे, फिवा. त्यांनी २०१२ साली ट्यूरिनची सनद मान्य केली. तिचा गाभा हाच. कमीत कमी हस्तक्षेप, आणि केलेलं काम पुढच्या माणसाला उलटवता आलं पाहिजे.

मामा : चेंबरच्या बोल्टाला सनद!

भाची : बोल्टालाच. मोठ्या गोष्टी सगळेच जपतात.

मामा : आता माझं ऐक. ही गाडी उत्तरपाड्यात तयार झाली, खरं हाय. पण तिथनं बाहेर पडल्यावर तिला सांभाळलं कुणी? साखर कारखान्याच्या चेअरमनच्या पांढऱ्या अ‍ॅम्बॅसिडरी, कलेक्टरच्या, डॉक्टरांच्या, आमच्याकडंच यायच्या. कंपनीचा भाग आला तर आला, न्हाई तर इथं काढायचा. २०१४ला कारखाना बंद पडला, मग तर बोलायलाच नको. लेथवर काढलेला बोल्ट हीच ह्या गाडीची खरी गोष्ट हाय. इंग्लंडहून डबीतनं आलेला नवाकोरा बोल्ट घातलास तर तो जास्त खोटा.

यावर भाची गप्प झाली, आणि मला वाटतं ती गप्प होणं योग्य होतं. जुनी वस्तू जपण्याच्या चर्चेत मूळ म्हणजे कारखान्यातून निघाली तो दिवस, असं आपण धरून चालतो. पण अ‍ॅम्बॅसिडरचं भारतातलं आयुष्य गल्लीतल्या लेथांनी चालवलं. त्या दुरुस्त्या पुसून टाकणं हेही एक प्रकारचं मूळ घालवणंच. अर्थात मामांच्या या युक्तिवादात एक पळवाटही आहे. त्याच न्यायानं लाल पेस्ट आणि पाइप पान्याचे दातही गाडीच्या इतिहासाचा भाग ठरतात. ते मी बोलून दाखवलं. मामा म्हणाले, सर, बॅटरी नीट धरा.

वाट सापडली ती बोल्ट पुन्हा हातात घेतल्यावर. भाचीनं बुचीत आरसा घालून बघितलं. झिजले होते ते तोंडाजवळचे आटे. आतले आटे ताजे दिसत होते, कारण बसवलेला बोल्ट आखूड होता आणि तिथपर्यंत पोचतच नव्हता. कधीतरी मूळ बोल्ट हरवून दुसरा घातला असणार. म्हणजे चेंबरला हात न लावता बोल्टच लांब केला, तर तो आतल्या निरोगी आट्यांना धरेल. कल्पना भाचीची. पण ती प्रत्यक्षात आणण्यात जे कौशल्य लागलं, ते सगळं मामांचं, आणि इथे मला जरा रेंगाळायचं आहे.

आधी आट्याचं माप. मामांनी थ्रेड गेजच्या पात्या एकेक करून लावल्या आणि बोल्ट उजेडाकडे धरून फट बघितली. जुनं ब्रिटिश इंजिन म्हणजे माप इंची. जवळपासचा मेट्रिक बोल्ट अशा भोकात एक-दोन फेरे जातो, मग अडतो, आणि अडाणी माणूस तिथे जोर लावतो. ब्रिटिशांच्या जुन्या व्हिटवर्थ आणि पाइपच्या आट्यांचा कोन पंचावन्न अंशांचा, मेट्रिकचा आणि युनिफाइडचा साठचा. डोळ्याला हा फरक दिसत नाही, पात्याला दिसतो. पाती फट न ठेवता बसेपर्यंत मामा पुढे गेले नाहीत.

मग मऊ पोलादाचा गज चकमध्ये धरला. आटे पाडले आणि डोक्याखालची बैठकही त्याच सेटिंगमध्ये तासली. गज चकमधून सोडून उलटा धरला असता तर काम सोपं झालं असतं, पण मग आटा आणि बैठक एकमेकांना काटकोनात राहण्याची खात्री नाही. बोल्टाचं डोकं केसभर जरी कलतं राहिलं, तरी वायसर एका बाजूला चेपतो आणि दुसऱ्या बाजूनं तेल येतं. आट्याला डोक्याजवळ एक खाच ठेवली, म्हणजे शेवटचा अर्धवट आटा बुचीच्या तोंडावर अडणार नाही. आट्याची जाडी मामांनी हातानं घटवत आणली. प्रत्येक फेरीनंतर बुचीत घालून बघायचं. बोटांनी जवळजवळ शेवटपर्यंत गेला पाहिजे, पण डगडगता कामा नये. लांबी वाढवताना भाचीनं आत वाकड्या तारेनं अंतर मोजलं. वर तेलाच्या पंपाची जाळी असते, बोल्टाचं टोक तिला लागायला नको.

उरलं बुचीचं तोंड. ते सपाट करायला मामांनी कानस उचलली आणि भाचीनं ती हातातून घेतली. कानशीनं हातानं घासलं तर तोंड नक्की कलतं होणार. त्यावर मामांनी जे केलं ते मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही. एका जादा गजावर तेच आटे पाडले, त्यावर सैल बसणारी एक चकती घातली आणि चकतीला एमरी कागद चिकटवला. गज बुचीत फिरवून बसवला की चकती आट्याला काटकोनातच फिरते. हळूहळू चकती फिरवायची, मग मार्किंग ब्लू लावून बघायचं, निळा कुठे लागतो.

भाची : हेही धातू काढणंच झालं.

मामा : पाव मिलिमीटरबी न्हाई. सनदेला सांग, माफ कर म्हणावं.

निळा रंग गोल अखंड लागला तेव्हा भाचीनंच चकती बाजूला ठेवायला सांगितली. चेंबर आतून डिझेलनं धुऊन काढला, एमरीची रेव बाहेर येऊन जावी म्हणून. हे टाळलं असतं तर ती रेव थेट बेअरिंगांत गेली असती आणि गळका बोल्ट परवडला असं म्हणायची पाळी आली असती. मग गॅसवर मऊ केलेला एकच तांब्याचा वायसर आणि नवा बोल्ट. टेप नाही, पेस्ट नाही. भाचीनं टॉर्क रेंचला आकडा लावला. रेंच बोल्टाला लावायच्या आधी मामांनी साध्या पान्यानं बोल्ट आपल्या मनगटाच्या अंदाजानं आवळून दाखवला. मग रेंच लावला. खट् असा आवाज येईपर्यंत बोल्ट किंचितच फिरला. किती फिरला यावर त्यांचा आजही मतभेद आहे.

एक शक्यता दोघांनीही मागे ठेवली होती. आतले आटेही गेलेले निघाले असते, तर चेंबर उतरवून नवी बूच ब्रेझिंगनं बसवावी लागली असती. ते काम वाईट नाही. पण त्यासाठी चेंबर गाडीवर असताना ज्योत लावायची नाही, आतलं तेल पूर्ण धुवायचं, उष्णतेनं कड वाकली का ते सपाट फरशीवर बघायचं, आणि परत बसवताना दोन्ही बाजूंची पॅकिंगं आणि टोकांच्या कॉर्कच्या पट्ट्या नव्या घालायच्या. एका बोल्टापायी एवढा पसारा.

नवं २०-डब्ल्यू-५० तेल भरलं. जुनं तेल डब्यात भरून वापरलेलं तेल घेणाऱ्या नोंदणीकृत माणसाकडे दिलं. गटारात नाही आणि कुंपणाच्या लाकडांना पाजायलाही नाही, यावर भाची अडून बसली होती.

पावडर पुन्हा उडवली. बोल्ट कोरडा राहिला. मागचं भोक मात्र तसंच ओलं.

भाची : आता खरं काम. बोल्टाचं तेल फरशीवर पडत होतं, तेवढंच. मागचं तेल क्लचच्या घरात उतरतंय. प्लेटला लागलं तर क्लच घसरेल. त्या उलट्या आट्यांच्या जागी रबरी सील बसवायचे संच ब्रिटनमध्ये एमजीवाल्यांसाठी मिळतात. आपल्या इंजिनाला काय बसतं ते मी बघते.

मामा : आणि तुझी सनद?

भाची : सनदेत गाडी चालती ठेवायलाही सांगितलं आहे.

मामा : गिअरबॉक्स उतरवायचा, फ्लायव्हील काढायचं, क्रँकपाशी जायचं, आणि कंपनीनं जिथं सील ठेवलंच न्हाई तिथं ठेवायचं. बोल्ट माणसानं बिघडवला हुता, म्हणून तो मी दुरुस्त केला. हे कुणी बिघडवलेलं न्हाई.

भाची : म्हणजे गळू द्यायचं? सकाळी हेच मी म्हणत होते.

मामा : सकाळी तू बोल्टाबद्दल म्हणत हुतीस. सर, क्लच घसरायला लागला की सांगा, गिअरबॉक्स तेव्हा उतरवायचाच हाय, तेव्हा बघू. तोवर गाडी सपाटीला लावा.

भाची : आणि तेल काडीच्या वरच्या खुणेच्या वर जाऊ देऊ नका. थोडं खालीच ठेवा.

मामा : वरच्या खुणेला ठेवा. खाली कशाला?

भाची : जास्त भरलं तर मागे सुटतं, म्हणून.

मामा : जास्त भरा असं कोण म्हणतंय? खुणेला म्हणतोय, खुणेला.